खेचरामागे धावलेला माणूस

तुळशीची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून माझी पुरणपोळी तव्यावर फुटू दे. आणि माझी पोळी कधी फुटत नाही, हवं त्याला विचारा.

तर दोन हजार चारचा जून. ओहायोतलं डब्लिन. शैलजाबाई मुलीच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतून ओरडल्या, "सुलेखा, अगं बघ! सकाळपासून तिसऱ्यांदा गवत कापतोय हा माणूस. आता काय जमिनीचं कातडं सोलणार?"

"आई, मीटिंग चालू आहे. म्यूटवर होते म्हणून वाचलीस."

हा माणूस म्हणजे शेजारचे वॉल्टर. वय त्र्याऐंशी, बायको गेलेली. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, आणि आता दुरुस्त करायला काही उरलं नाही तरी बूड टेकवणं ठाऊक नाही. गवत नाही तर पन्हळ, पन्हळ नाही तर गॅरेज.

बाईंचं आणि त्यांचं एक भांडण होतं, फक्त वॉल्टररावांना ते माहीत नव्हतं. आल्या आल्या बाईंनी त्यांना डबाभर मसालेभात पाठवला होता. डबा परत आला तो घासलेला, चकचकीत आणि रिकामा! शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे अमेरिकेला कोण शिकवणार? तेही सोडलं असतं. पण भात मेपलच्या झाडाखाली खारी खात होत्या. बाईंनी हट्टाने साखरभात पाठवला. तोही खारींनीच खाल्ला. महिन्याभरात त्या खारी मांजराएवढ्या झाल्या.

तिसऱ्यांदा वांगीभात घेऊन बाई स्वतः निघाल्या. एका हातात डबा, दुसऱ्यात चहाचा थर्मास, आणि दुभाषी म्हणून मागे सुलेखा.

वॉल्टर व्हरांड्यातल्या टेबलावर कागद पसरून बसले होते. बायकोच्या ठेवणीतल्या कपबशा त्यांनी आदराने बाहेर आणल्या. बाईंनी डब्याचं झाकण उघडलं मात्र, म्हातारा ताडकन उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला.

ते बराच वेळ बोलले. सुलेखा सांगू लागली, "आई, ते सॉरी म्हणतायत. तुझा काही दोष नाही. त्यांनी चव्वेचाळीस सालापासून भात खाल्लेला नाही."

"का गं? पोटाचं काही?"

"वॉरमध्ये होते ते. आपल्याकडेच, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. जंगलात अडकलेल्या आपल्या पलटणींना विमानातून धान्य टाकायचे. उताणं पडायचं आणि घंटा वाजली की दोन्ही पायांनी पोती दाराबाहेर ढकलायची. तांदळाला पॅराशूट नाही, पोत्यात पोतं घालून नुसतं सोडून द्यायचं."

"मग?"

"आता त्यांच्या तुकडीची हिस्टरी छापतायत. जिवंत आहेत त्यांनी एकेक पान लिहायचं. शुक्रवार लास्ट डेट आहे, आणि यांचं पान कोरं."  पुढचं सुलेखाने हळू सांगितलं. "एकदा पोतं सुटलं आणि यांना खाली दिसलं... एक खेचर उधळलं होतं. एक सैनिक त्याच्यामागे धावत होता. विमान वळलं, पुढचं दिसलं नाही. हिस्टरीत किती टन टाकले ते आहे म्हणे, तो माणूस नाही. तो वाचला की मेला एवढंच त्यांना हवंय. तुमच्याकडे कुणी असं काही सांगायचं का, विचारतायत."

बाईंनी सुलेखाकडे पाहिलं. घरात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंचे वडील, आबा, मराठा पलटणीत होते. बाई चार वर्षांच्या असताना सरकारी कागद आला, त्यात 'अपघात' एवढंच. मग पलटणीतला एक गडी साताऱ्याकडच्या त्या घरी येऊन ओसरीवर बसला. "वहिनी, वरनं धान्य पडत हुतं. खेचर सुटलं, ह्यो मागं पळाला. पोतं थेट अंगावर." त्यानंतर बाईंच्या आईने मरेपर्यंत घरात भात शिजवला नाही, सणालासुद्धा. बाई भात करायला शिकल्या त्या सासरी.

टेबलाखाली वॉल्टररावांचे जाड मोज्यांतले पाय सारखे हलत होते, काहीतरी ढकलत असल्यासारखे.

बाईंनी थर्मास उघडून चहा ओतला. हात जराही हलला नाही.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "तो माझा बाप होता."

"आई!"

"पुढचंही सांग. पोतं हातभर लांब पडलं. फुटलं. तांदूळ दोघांच्या अंगावर उडाला, आणि ते मेलं खेचर उभं राहून खायला लागलं."

"मी खोटं नाही हं ट्रान्सलेट करणार."

"तुझं स्थळ बघताना उंची दोन बोटं वाढवून सांगितली, तेव्हा नाही तोंड उघडलंस ते! सांग निमूट. त्यांना शुक्रवार गाठायचाय."

सुलेखा इंग्रजीत सांगू लागली. मग काय, बाई सुटल्याच. आबांनी खेचराची शेपूट ओढली, त्याने लाथ मारली, आबा जन्मभर लंगडले. "तुमच्या पोत्याने नव्हे हो वॉल्टरराव, खेचराने!" ऐंशी वर्षं जगले. मिशीला पीळ देऊन गावभर सांगायचे, साहेबाने माझ्यावर आभाळातून अक्षता टाकल्या.

"अक्षतांना काय म्हणू आता?"

"आशीर्वाद म्हण."

टेबलाखालचे पाय थांबले. वॉल्टररावांनी चमचा घेतला. पहिला घास त्यांनी फार वेळ चावला. मग दुसरा घेतला.

परतताना अंगणात सुलेखाने विचारलं, "आई, तुला राग नाही आला?"

"आला की. साठ वर्षं येतोय. कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. आज तो माणूस सापडला, तर बायकोच्या कपबशा काढून बसलेला."

शनिवारी डबा परत आला. आत परसातले चार टोमॅटो आणि एका पानाची झेरॉक्स. शेवटची ओळ सुलेखाने वाचून दाखवली: खेचरामागे धावलेला माणूस वाचला. बाईंनी कागदाची घडी करून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. शेजारचं गवत त्या महिन्यात घोट्याएवढं वाढलं.

आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करते. चहा ओतताना बाईंचा हात जराही हलला नाही, असं म्हटलं ना मी? ते माझ्या पदरचं. कपात कमी आणि बशीतच जास्त गेला. वॉल्टररावांनी ती बशी दोन्ही हातांनी उचलली, तशीच तोंडाला लावली, आणि सगळा चहा संपेपर्यंत बाईंकडे पाहिलं नाही.