वितळणं हेच माझं काम

मी बॉयलरचा प्लग बोलतोय. अंगठ्याएवढा, बाहेरून पितळेचा, पोटात कथील भरलेला. मी होतो कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉयलरच्या आत. माझ्या खाली आग आणि वर पाणी. पाणी असेपर्यंत ते माझी उष्णता ओढून घेई. पाणी घटलं की मी तापणार, माझं कथील वितळणार, मोकळ्या भोकातून वाफ आगीवर तुटून पडणार आणि आग दबणार.

बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे दादा म्हणत. त्याची धाकटी बहीण भिंतीपलीकडे रंगखात्यात होती. जेवणाच्या सुट्टीत ती त्याचा डबा घेऊन यायची.

"दादा, एवढ्या लोखंडात हे मऊ कथील कशाला रे?" तिने एकदा विचारलं.

"चिमे, मेणबत्तीचं मेण कसं, जरा ऊब लागली की ओघळतं. मीठ तव्यावर कितीही तापव, तडतडेल पण वितळणार नाही. ज्याची त्याची पकड वेगळी."

दादाने बरोबर सांगितलं होतं. मेणाचे रेणू एकमेकांना नुसते टेकलेले असतात, थोड्या धगीने सुटतात. मिठात धन आणि ऋण कण एकमेकांना करकचून धरून बसतात, म्हणून त्याला आठशे अंश लागतात. आम्हा धातूंचे अणू इलेक्ट्रॉनच्या सामाईक साठ्याने बांधलेले. लोखंडाची ही बांधणी फार घट्ट, पंधराशे अंशांपुढे गेल्याशिवाय ते पाणी होत नाही. माझी सैल. दोनशे बत्तीस अंशांवर मी हात सोडतो. पण त्या सैलपणासाठीच तर मला तिथे बसवलं होतं.

त्या वर्षी पाण्याचा पंप दम तोडू लागला. महिन्यात दोनदा पाणी घटलं, दोनदा मी वितळलो. दोन्ही वेळा आग दबली, माणसं घरी गेली. पण वाफ थांबल्याने रंगाच्या पातेल्यातलं कापड अर्धवट रंगून डागाळलं. दादाने दुसऱ्यांदा माझ्यात कथील भरून घेतलं, तेव्हा मॅनेजर खाली आला.

"हा प्लग काढ. पोलादी बोल्ट मार तिथे."

"साहेब, रोग पंपाला आहे. पंप बदला."

"पंप पुढच्या महिन्यात बघू. तुला जमत नसेल तर सांग, बाहेर रांग लागलीय."

दादाने पाना लावून मला काढलं. मग त्याने बोल्ट आवळला आणि मला शर्टाच्या खिशात टाकलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून मी रोज त्याच्या छातीशी असे.

अकराव्या दिवशी, दुपारी, पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं. दादाने पंपाला लाथ घातली, झडप फिरवून पाहिली. पंप ढिम्म. आग ओढून काढायचा आकडा हाताशीच होता. त्याने तो उचलला, आणि परत ठेवला. मग तो जिना चढून धावत वर गेला.

"साहेब, पाणी नाही! आग काढतो."

"पातेल्यात माल आहे. दहा मिनिटं थांब."

"दहा मिनिटं नाहीत हो—"

तेवढ्यात जमीन हादरली. बोल्ट वितळला नव्हता, तो वितळणारच नव्हता. त्याच्या शेजारचा पत्रा मात्र लालबुंद झाला होता. लोखंड वितळायच्या पुष्कळ आधी मऊ पडतं, आणि मऊ पत्र्याने वाफेचा जोर पेलला नाही.

दादा खाली धावला. मी खिशात होतो, म्हणून फक्त ऐकलं. आधी वाफेचा फूत्कार, मग विटा उपसण्याचा आवाज, मग दादाचा. "चिमे! अगं चिमे!" नंतर माझ्या पितळेला त्याच्या काळजाचे ठोके लागत होते आणि तो विटा उपसतच होता. भिंतीपलीकडच्या तिघीजणी गेल्या, त्यात त्याची चिमीही.

चौकशीत मॅनेजर म्हणाला, "प्लग सदोष होता. उगाच वितळायचा."

दादाने मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. तपासनिसाने माझ्या कथलाचा कपचा नेऊन तापवून पाहिला. तो बरोबर दोनशे बत्तीस अंशांवर वितळला. मग त्याने दादाला विचारलं, "बोल्ट बसवायला कुणी सांगितलं?"

"सांगितलं यांनी," दादा म्हणाला. "पण पाना माझ्या हातात होता. आकडाही होता. पलीकडे माझी बहीण होती, आणि मी परवानगी मागायला गेलो."

तपासनिसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

आता मी एका सरकारी कपाटात आहे, गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधून. पोटात कपच्याएवढा खड्डा आहे, बाकी शाबूत आहे. कारखान्यात नवा बॉयलर आला म्हणे, त्यात माझ्यासारखाच एक प्लग आहे. उद्या कुणी तुम्हाला तो काढायला सांगेल. काम खोळंबतंय म्हणेल, आणि ते खरंही असेल. तेव्हा पाना उचलण्याआधी एवढंच करा: भिंतीपलीकडे कोण कोण काम करतंय, त्यांना एकेकाला नावाने हाक मारून या.