टाचेवरचं ठिगळ

उस्तादांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, तळवे राहत. चाळीस वर्षं जोडे शिवण्यात गेलेली. गिऱ्हाईक दारात आलं की नजर आधी खाली. जोडा उलटा करून ते सांगत, हा बाहेरच्या कडेवर चालतो, हिचा अंगठा घासतो. स्वतःचा जोडा मात्र त्यांनी कधी उलटा करून पाहिला नव्हता.

आज त्यांचा डावा पाय तपासणीच्या पलंगावर तीन उशा रचून वर ठेवला होता. मधल्या भागात तो सुजून टम्म झाला होता, लालबुंद आणि गरम. दुखत मात्र नव्हता. लेकीला हेच पटत नव्हतं.

"एवढा पाय सुजलाय नि म्हणे दुखत नाही! बाबा, खरं सांगा हं."

"दुखत असता तर तुझी बडबड ऐकून घेतली असती का?"

तरुण डॉक्टरीण घड्याळाकडे बघत हसली. "अजून चार मिनिटं, काका. पाय खाली घ्यायचा नाही."

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मान हलवली होती. मधली बारीक हाडं चुरल्यासारखी दिसत होती. हाडात पू झाला असेल तर पाय काढावा लागेल, असं ते म्हणाले होते. शिलाईच्या मशीनचं पायडल उस्ताद डाव्या पायानं चालवत. तेव्हापासून दुकानात बाप-लेक दोघांचंही कामात लक्ष नव्हतं.

दहा मिनिटं झाली. लाली बरीच ओसरली होती. डॉक्टरणीनं एका छोट्या यंत्रानं दोन्ही पायांचं तापमान घेतलं. डावा चार अंशांनी गरम.

"पू झालेल्या पायाची लाली नुसता पाय वर केला म्हणून सहसा अशी उतरत नाही," ती म्हणाली. "साखरेनं तुमच्या नसा बधिर झाल्यात. हाड मोडलं तरी कळत नाही, तुम्ही चालत राहता, मग सांधे निखळत जातात. तसंच असेल तर प्लास्टर घालायचं, तीन-चार महिने. पाय राहतो. पण कुठे जखम असेल, तर हाडात पू गेल्याची शंका धरावी लागते. काही कापलं, टोचलं होतं?"

"छे," उस्ताद म्हणाले.

ते खोटं होतं. पंधरा दिवसांपूर्वी टाचेची जाड कातडी भेगाळली होती. हातात रापी होती, रोज चामडं तासायची. त्याच हातानं त्यांनी टाच तासली. पातं जरा खोल गेलं. दुखलं नाही, रक्त तेवढं आलं. मग फाटलेल्या चामड्याचं करतात तेच केलं. कडा दाबल्या, तळ चिकटवायचं सोल्यूशन लावलं, सुकल्यावर बारीक काचकागदानं घासून वर मेण फिरवलं. जोड दिसू नये, हीच तर कारागिरी.

डॉक्टरणीनं बोटांच्या फटी पाहिल्या, तळवा दिव्याखाली धरला, टाचेवरून अंगठा फिरवला. उस्तादांनी श्वास धरला.

"टाच राठ आहे जरा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

सुटलो, असं त्यांच्या मनात आलं. पाय राहिला.

तिनं प्लास्टरच्या गुंडाळ्या काढल्या. उस्तादांना राहवेना. "आतून अस्तर कसलं देता?"

"अगदी पातळ. हे पायाला घट्ट बसवायचं असतं, मोकळी जागा ठेवायची नाही. आठवड्यानं उघडून बघू. म्हणून तर एवढं निरखून घेतलं. आत ओली जखम राहिली तर कळायच्या आत पाय नासतो."

घाईघाईत ओल्या चामड्यावर एकदा उस्तादांनी तळ चिकटवला होता. वरून जोडा नव्यासारखा. महिन्यानं परत आला तेव्हा आतलं चामडं शिलाईपर्यंत काळं पडून कुजलं होतं. तो वास त्यांना अजून आठवत होता.

भांड्यातल्या पाण्यात पहिली गुंडाळी बुडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. टाचेवर ठिगळ आहे."

सगळं सांगून झाल्यावर लेकीनं कपाळाला हात लावला. "बाबा! माणसाच्या पायाला सोल्यूशन?"

"भारीतलं होतं ते."

डॉक्टरीण रागावली नाही. गुंडाळी बाजूला ठेवून तिनं तेलाच्या बोळ्यानं ते ठिगळ हळूहळू सोडवलं. खाली मसुराएवढं भोक होतं, ओलसर. मग तिनं बोथट टोकाची एक बारीक सळई उचलली.

"ही आत टणक लागली, तर जखम हाडाला भिडली असण्याची शक्यता फार."

लेकीनं तोंड फिरवलं. उस्तादांना पायात काहीच जाणवत नव्हतं, म्हणून ते डॉक्टरणीचा हात बघत राहिले. सळई आत गेली. थोडी वळली.

"नरम आहे," तेच आधी म्हणाले.

तिनं चमकून वर पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या मनगटावरून. चामडं टोचताना आरीचं टोक खिळ्याला लागलं की मनगट अडतं. तुमचं अडलं नाही."

"बरोबर आहे. पण एवढ्यावर भागायचं नाही. रक्त तपासू, एमआरआय काढू."

चार दिवसांनी सगळं हाती आलं. सूज मधल्या सांध्यांभोवतीच्या हाडांत होती. टाचेचं हाड स्वच्छ होतं आणि रक्तातही हाडातल्या पुवाची खूण नव्हती. पण प्लास्टर लगेच नाही. आधी जखम भरू द्यायची, तोवर डावं पाऊल जमिनीला लावायचं नाही. मोडलेला पाय हलू द्यायचा नाही म्हणून डॉक्टरणीनं गुडघ्यापर्यंतचा पट्ट्यांचा बूट दिला, रोज काढून टाच बघता येईल असा. लेक रोज बघायची, आणि रापी तिनं कुलपात ठेवली होती.

टाच भरली त्या दिवशी प्लास्टर चढलं. उस्ताद कुबड्यांवर उभे राहिले. डावी बाजू उंच झाली होती. लेकीनं पिशवीतून उजवा जोडा काढला. प्लास्टरची जाडी उस्तादांनी आधीच विचारून घेतली होती, त्याच मापाचा जास्तीचा तळ त्याला जोडलेला. पायात घातल्यावर दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

डॉक्टरीण वाकून बघायला लागली. नव्या तळाच्या कडेनं जाड पांढऱ्या दोऱ्याचे टाके दुरूनही दिसत होते.

"जोड दिसतोय की बाबा," लेक म्हणाली.

"दिसू दे," उस्ताद म्हणाले, आणि कुबडी पुढे टाकली.