डोहाळ्यांची माती

"डबा कुठी हाय?" पंचफुलाने दारातच विचारलं. चपला काढायच्याही आधी.

ज्योत्स्ना हसली. "माय, बस तं खरी. पानी तरी पे."

"डबा दे आधी."

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या लेकीच्या त्या दोन खोल्यांत पंचफुला कधी हात हलवत आली नव्हती. आज मात्र तिच्या पिशवीत ना चवळीच्या शेंगा होत्या, ना अंबाडीची भाजी. खाणीशेजारच्या आपल्या गावाहून ती पहिल्या एसटीने निघाली होती आणि वाटभर एकच गोष्ट मनाशी घोकत होती, पोरीने अजून खाल्लेली नसू दे.

डब्यात माती होती. त्यांच्या वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, पिवळसर, तव्यावर भाजलेली ढेकळं. दिवस गेलेल्या बाईला धुऱ्याची माती चघळायला द्यायची, अशी पंचफुलाच्या सासरची रीत. सासूने तिला दिली होती, सासूला तिच्या सासूने. त्यासाठी डॉक्टरला विचारायला कुणी गेलं नाही आणि पोरंही धडधाकट निघाली. ज्योत्स्नाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. पोटात पाणी ठरेना, तेव्हा तिने माहेराहून दुसरं काही मागितलंच नाही. पंचफुलाने ढेकळं निवडून, भाजून धाकट्या लेकाच्या, अश्विनच्या हाती धाडली. शहरातल्या लेकीला हवं ते आपल्याच वावरात आहे, याचा तिला केवढा तोरा चढला होता.

आणि काल संध्याकाळी माती तपासणारे साहेब गावात आले. त्यांनी सरळच सांगितलं. खाणीचं पाणी नाल्यातून वावरांत शिरतं, त्यासोबत मातीत शिसं उतरलंय. तिथली पालेभाजी खाऊ नका. लेकरांना आणि गरोदर बायांना तर त्या मातीपासून लांबच ठेवा. बाकीचे साहेबांशी भांडत राहिले, पंचफुला उठून घरी आली. तिने लेकीला फोन लावला. "डब्यातलं खाऊ नको, मी उद्या येतो," एवढंच कसंबसं म्हणाली.

"किती खाल्ली?" तिने आता विचारलं.

"थोडी थोडी. रोज." ज्योत्स्नाने डबा पुढे केला. तळाशी थोडीच ढेकळं उरली होती. "तेच तं पोटात रायते. काहून, सरली तं अजून देनार नाई का?"

पंचफुला खाली बसली आणि साहेबांनी सांगितलेलं सगळं तिने सांगून टाकलं. ऐकता ऐकता ज्योत्स्नाचा हात पोटावर गेला.

"पन माह्या वक्ती तू खाल्ली होती ना?"

"तवा खान नोती, बाई."

दोघी तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि तेच पंचफुलाला जास्त लागलं. बाळाचे ठोके चांगले आहेत, म्हणाल्या. रक्त तपासायला पाठवते, निकाल येईपर्यंत आणखी काही सांगता येणार नाही. माती आजपासून बंद. डबाही त्यांनी ठेवून घेतला.

घरी येऊन पंचफुला भाकरी टाकायला उठली. पिठाला हात लावण्याआधी ती मोरीत बसली. उभ्या जन्मात तिने वावरातले हात पदराला पुसले होते आणि त्याच हातांनी भाकर खाल्ली होती. आज तिने साबण लावून नखांच्या कडा घासल्या, पुन्हा साबण लावला, पुन्हा घासल्या. रडू आलं तेही तिने थांबवलं नाही. मातीवर रागावताही येत नव्हतं. जे पाजलं ते ती बिचारी प्याली.

"माय," ज्योत्स्ना दारात येऊन उभी राहिली, "समजते मले सगळं. पन मन तेच मांगते. आता बी."

"मांगनच ना बाई."

"लेकरू झालं का त्याले आपलं वावर दाखवाले आनू का नको?"

पंचफुलाने हातांवर पाणी ओतलं. "आन," ती म्हणाली. "रोडावरून दाखवू."

ज्योत्स्ना तिच्याजवळ टेकली. लहानपणी माय वावरातून आली की ओढायची तसा तिने तिचा हात ओढला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगत राहिली.

हाताला नुसता साबणाचा वास येत होता.