मोगरीनं कोणतं फर्न खाल्लं?

मोगरी आज घरी येणार म्हणून शोभाताई पहाटेपासून सक्करदऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांत नुसत्या येरझारा घालत होत्या. कुत्रं पाळायचं त्यांच्या मनात लहानपणापासून होतं. आधी आई नको म्हणाली, मग सासू, मग नवरा. पासष्टी उलटल्यावर सूनच म्हणाली, "आई, आणू आपण."

सून प्रणाली अकराला आली. तिच्यामागून रिक्षातून उतरली ती मोगरी, एक मध्यमवयीन, कान फाटलेली गावठी कुत्री. दोन वर्षं ती प्राण्यांच्या आश्रयगृहात होती, तिला कुणी घरी नेलं नव्हतं. शोभाताईंनी हात पुढं केला आणि मोगरीनं तो चाटला. शोभाताईंना काय करू नि काय नको असं झालं. पोळी आणायला म्हणून त्या आत गेल्या.

परत येऊन बघतात, तर गॅलरीतल्या फर्नच्या दोन्ही कुंड्या आडव्या, मातीचा सडा आणि मोगरीच्या तोंडातून हिरवी लाळ.

प्रणालीनं घाईघाईनं फोन उघडला. "एका ठिकाणी लिहून आहे, फर्न कुत्र्याले चालते. दुसरीकडे लिहून आहे, विषारी आहे. आता काय करायचं, आई?"

शोभाताईंचं डोकं मात्र झपाट्यानं चाललं. "आपल्याजवळ तरी कुठं एकाच जातीचं फर्न आहे वं? दोन्हीची एकेक फांदी तोड. डॉक्टरच वळखतील."

रिक्षानं दहा मिनिटांत प्राण्यांचा दवाखाना गाठला. डॉक्टर वैदेहींच्या टेबलावर शोभाताईंनी दोन्ही फांद्या ठेवल्या, तेवढ्यात मोगरी ओकली. डॉक्टरांनी चिमट्यानं ओकारीतले तुकडे उचलून नळाखाली धुतले आणि फांद्यांशेजारी मांडले. तिघीही टेबलावर वाकल्या.

"रुंद पानं आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "हे बॉस्टन फर्न. यानं कुत्र्याले विषबाधा होत नाही, काकू. जास्त खाल्लं म्हणून उलटी झाली."

"आणि हे बारीक पानाचं?"

"हे फर्नच नाही."

"नर्सरीवाल्यानं तर फर्न म्हणूनच देल्लं."

"नाव फर्न, कूळ शतावरीचं. याची लाल फळं खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. अंगाले घासलं तर पुरळ येते. मोगरीनं ते खाल्लेलं दिसत नाही, पण घरातून काढा. आज लक्ष ठेवा. परत उलटी झाली तर घेऊन या."

घरी पोचताच शोभाताईंनी शतावरीची कुंडी वरच्या मजल्यावरच्या यमुताईंना देऊन टाकली. त्यांच्याकडे ना कुत्रं ना मांजर. बॉस्टन फर्न पुन्हा कुंडीत लावून उंच खिळ्याला टांगलं. मोगरीला परत उलटी झाली नाही. दुपारी तिनं पोळी खाल्ली, वर अजून मागितली.

चार वाजता शोभाताईंनी नरखेडच्या बहिणीला फोन लावला आणि रिक्षापासून चिमट्यापर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

"कोणत्या जातीची आहे वं?" बहिणीनं विचारलं.

"जात कोणाले माहीत? माह्या पायावर डोकं ठेवून झोपून राहिली. मी अर्ध्या तासापासून हललीच नाही."