वाळकी चिपाडं

जोतीराम शिंप्याचा फुगा पाहिला त्या दिवसापासून कुंडलिक गुळव्याच्या पोटात दुखायला लागलं. औषधानं जाणारं दुखणं नव्हतं ते. माणूस दोन वेळा जेवत होता, गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळत होता, पण मनातून नुसता जळत होता.

अंथुर्ण्यात भैरोबाच्या जत्रेला, ऐन थंडीत, दिवस उगवता कागदाचा फुगा सोडायची रीत होती. पतंगी कागद खळीनं चिकटवून दीड पुरुष उंच फुगा करायचा, तोंडाला कामटीचं कडं बसवायचं. खड्ड्यात जाळ करायचा, त्यावर बिनबुडाचा डबा उभा करायचा आणि डब्यावर फुग्याचं तोंड धरायचं. पोट भरलं की द्यायचा सोडून. खाली पेटता बोळा बांधायचा नाही, कारण चहूकडं तोडणीला आलेला ऊस. अकरा वर्षं हा फुगा कुंडलिक सोडत होता आणि अकरा वर्षं गावाचा फेटा त्याच्याच डोक्याला बसत होता. एरवी त्याला कोण विचारतंय हो? गूळ सोन्यासारखा उतरला तर नाव ऊसवाल्याचं, करपला तर शिव्या गुळव्याला. वर्षातली ती एक सकाळ तेवढी त्याची होती.

आणि त्या सकाळीला यंदा वाटेकरी निघाला. जोतीराम म्हणजे वेशीजवळ मशीन घालून बसणारा, कात्रीचा पक्का माणूस. त्यानं बारामतीहून कागद आणला, मापं घेऊन सोळा पाकळ्या कापल्या आणि तांबडा-पिवळा असा काही फुगा उभा केला की बघणारा बघतच राहावा. गाव हरखलं. गावाचं एक सोडा, खुद्द कुंडलिकाची बायको ठमाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, जोतीरामाचा फुगा बघितला का? काय बाळसं धरलंय बाई त्यानं!"

"मग जा की त्यातच बसून!" कुंडलिक खेकसला आणि अर्ध्या भाकरीवरून उठला.

गावचे कारभारी आप्पासाहेब. त्यांनी देवळात सगळ्यांसमोर निकाल दिला, "दोघं बी सोडा. ज्याचा उंच जाईल त्याला फेटा, आन् हितनं पुढं फुग्याचा मान त्याचाच."

झालं! कुंडलिकाच्या तोंडचं पाणी पळालं. आता त्याला एकाच गोष्टीचा आधार होता, तो म्हणजे धूर. धूर वर जातो, म्हणून धुरानं भरलेला फुगा वर जातो, हे त्याचं गणित. त्यासाठी तो चिपाडं, म्हणजे रस काढून राहिलेला ऊस, रात्रभर भिजत घालायचा. ओल्या चिपाडाचा धूर कसा, हातानं कापावा असा! पण ही विद्या त्यानं कधी लपवली नव्हती. जोतीरामानं दरसाल ती उभं राहून बघितली होती आणि त्यानंही आपली चिपाडं भिजवली होती. माझीच विद्या घेऊन माझाच फेटा उतरवतोय मेला, ह्या विचारानं कुंडलिकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

जत्रेच्या सकाळी दात वाजवणारं गार पडलं होतं. देवळामागं दोन खड्डे तयार होते, दोघांचे दोन ढीग तयार होते. आरतीची घंटा वाजली तशी सगळी माणसं देवळात गेली. "मी हाय हितं, राखण करतो," म्हणून कुंडलिक मागं राहिला.

जोतीरामाचा ढीग चांगला निथळत होता. कुंडलिकानं इकडं तिकडं पाहिलं. विस्तव पेटवायला त्यानं गुऱ्हाळावरून कडकडीत वाळलेल्या चिपाडांचा भारा आणला होता. तो त्यानं जोतीरामाच्या ढिगात घातला, त्याची ओली चिपाडं आपल्या ढिगावर ओढली आणि कुणाला कळू नये म्हणून वाळक्यावर ओल्याचा पातळ थर पसरला. धूरच न्हाय तर वर जातोय कशाचा! त्याच्या जिवाला कितीतरी दिवसांनी गार वाटलं.

आरती संपली, जाळ लागले. वरचं ओलं जळून गेलं तसा जोतीरामाचा खड्डा धडाडला आणि धूर पार थांबला. जोतीराम घाबरून ओरडला, "कुंडलिकतात्या, माझा धूरच निघंना वं!"

"न्हाय निघत कधी कधी," कुंडलिक म्हणाला. मनातून त्याला उकळ्या फुटत होत्या.

त्याच्या स्वतःच्या खड्ड्यातून मात्र असा धूर उठला की जवळची बायामाणसं खोकत पळाली. पण फुगा काही ताठ होईना. इकडं जोतीरामाचा फुगा टम्म फुगला, कडं धरणाऱ्या चौघांना चवड्यांवर उभं करू लागला. सोडला मात्र, आणि सरळ वर! देवळाचा कळस खाली राहिला, कडुनिंबाचा शेंडा खाली राहिला, आणि उसाच्या फडांवर तो उंच, बोराएवढा होऊन तरंगत राहिला. कुंडलिकाचा फुगा निंबापर्यंत गेला, डुलला आणि कांद्याच्या वाफ्यात येऊन बसला.

कुंडलिक धावत गेला. कागदाला हात लावला तर आतून दमट, काजळी धरलेला, आणि जेमतेम कोमट. तो तसाच उकिडवा बसला. सारा जन्म काहिलीपुढं गेला होता. तापलेला रस हलका होऊन वर उसळतो, गार रस जड, तो खाली बसतो, हे त्यानं रोज पाहिलं होतं. मग हवेचं निराळं काय असणार? फुग्यातली तापलेली हवा हलकी, भवतीची गारठ्याची जड, ती ह्याला वर ढकलते. आतली निवली की फुगा खाली. थंडी कडक असे त्या साली फुगा जास्त उंच जायचा, तेही आता उमगलं. धूर नव्हे, ऊब! धूर आपला उबेच्या जोडीनं फुकट वर जाणारा. आणि ती ऊब जोतीरामाच्या फुग्यात आपण आपल्या हातानं भरली!

आप्पासाहेब फेटा घेऊन उठले, तर जोतीराम मागं सरला. "आप्पासाहेब, खोटं बोलनार न्हाय. मी वली चिपाडं ठेवली हुती. कुनीतरी बदलून वाळकी घातली. त्या जाळानं फुगा गेला. फेटा त्याचा."

"आमच्या धन्यानं घातली!" गर्दीतून ठमाबाई पुढं झाली. "नारळ राहिला म्हून मी माघारी आले, तवा डोळ्यांनी बघितलं. आपली वाळकी ह्याला देत हुते आन् ह्याची वली सोताकडं वढत हुते."

गावात एकच गलका उठला. जोतीरामानं कुंडलिकाचे पाय धरले. आप्पासाहेबांनी स्वतः फेटा बांधला आणि म्हणाले, "सोता हरून दुसऱ्याला वर नेलं. अशी मानसं कुटं ऱ्हायली आता? मान ह्याचाच."

कुंडलिकाला तो फेटा सोसेना. त्यानं जोतीरामाला उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याचा फुगा पडावा म्हून केलं म्या. जळत हुतो मी ह्याच्यावर. भैरोबाची आन!"

आप्पासाहेब खो खो हसले. "बघा! मोठेपना दिला तर तो बी नगं म्हनतोय!" सगळं गाव हसलं, कुणीतरी हलगीवर टिपरू टाकलं.

ठमाबाई मात्र हसत नव्हती. डोळे भरून ती नवऱ्याकडं बघत होती. अकरा फेट्यांत एकदाही तिनं त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं. ती ज्याच्याकडं बघत होती तो भला माणूस आपण नव्हे, हे कुंडलिकाला पुरतं ठाऊक होतं, आणि फेट्याखाली उभा राहून तो त्या माणसावर जळू लागला.