कान आपल्या मशीनवर

राजुऱ्यात टायपिंग शिकायचं तर मन्सूरच्या क्लासला, असं सगळे म्हणत. पाटीवर नाव मन्सूरचं, शिकवायची मात्र त्याची बायको खुर्शीदा. मन्सूर मशीनला तेल घालायचा आणि पोरींच्या बापांसमोर छाती फुगवून बोलायचा. खुर्शीदा बटणं दिसू नयेत म्हणून मुलींच्या हातांवर रुमाल टाकायची, टेबलावर पट्टी आपटून ताल धरायची आणि एकच गोष्ट घोकून घ्यायची, "कान आपल्या मशीनवर. बाजूची किती पुढे गेली, ते पाहाचं नाई."

तिच्या हाताखालच्या मुली कचेऱ्यांत चिकटल्या. बाजारात भेटल्या की कौतुकाने थांबत. खुर्शीदाला आनंद व्हायचा, आणि घरी पोचेस्तोवर त्याचा पार चोथा व्हायचा. तिच्याजवळ स्वतःचं सर्टिफिकेटच नव्हतं. दरवेळी परीक्षा आली की मन्सूर म्हणायचा, "तू बसली तं पोरींले कोण पाहीन? पुढच्या वर्षी बस न." बोलायचा असा गोड, की भांडायचीही सोय नाही. क्लासची ती खोली तिला खायला उठायची.

यंदा मात्र नोकरीची वयोमर्यादा संपत आली होती. आता नाही तर कधीच नाही. तिने न विचारता फॉर्म भरला. मन्सूर फुगून बसला. तिने बसू दिलं. दुपारी क्लास रिकामा झाला की ती स्वतःच्या हातांवर रुमाल टाकायची आणि स्वतःलाच दटावायची, "खुर्शीदा, कान इथी!" आणि काय सुरेख चालायची तिची बोटं!

परीक्षेला मशीनं क्लासनेच न्यायची असत. मन्सूरने ती टेम्पोत घालून चंद्रपूरला आणली. हॉलमध्ये खुर्शीदाच्या मागे रंजीता बसली. कापूसवाल्या मुखरूभाऊंची ही मुलगी, हुशार पण बुजरी. घाबरली की हात आखडायचा.

बेल झाली आणि हॉलभर कडकडाट सुरू झाला. खुर्शीदाचा पहिला परिच्छेद झरझर उतरला. तेवढ्यात मागचं मशीन थांबलं.

आपल्या क्लासचं प्रत्येक मशीन ती आवाजावरून ओळखायची. हे रंजीताचं. रिबीन अडकली, की पोर घाबरली? कर ना सुरू, माय! खुर्शीदाची बोटं हवेतच राहिली. कान इथी, खुर्शीदा, इथी! बोटं खाली येईनात. मागचं मशीन पुन्हा चालू झालं, तरी ती ऐकतच राहिली. आता ओळ संपेल, आता हिची करंगळी कच्ची पडेल. नाही पडली. शाब्बास!

आणि "थांबा" म्हणून पुकारा झाला.

तिचा अर्धा कागद कोरा होता. तिला रडूही येईना. स्वतःचाच राग आला, भयंकर राग. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी तयार केलेले कान आता तिचं ऐकत नव्हते.

फाटकाशी रंजीता धावत आली आणि पायाच पडली. "बाई, पूर्ण झालं! रिबीन गुतली होती, मीच सोडवली. तुम्ही सांगतलं तसंच केलं. कोणाकडेच कान नाई देल्ला. तुम्ही समोरच होत्या न, पण तुमचं मशीन चालू हाये का बंद, थेबी नाई समजलं मले!"

"असंच पाहिजे," खुर्शीदा म्हणाली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मन्सूर टेम्पोत मशीनं दोरीने बांधत होता. बायकोचा चेहरा पाहून तो काय ते समजला. "जाऊ दे, छोड न," तो गोडच बोलला, "सोमवारपासून नवी बॅच हाये."

पुढे ड्रायव्हरशेजारी मन्सूरपुरतीच जागा होती. खुर्शीदा मागे चढून मशीनांच्या मधे बसली. मन्सूरने टेम्पोची मागची फळी वर केली आणि बाहेरून कडी लावली.