उचललेला भंडारा

श्रीमंतनं तिसऱ्यांदा भंडारा उचलला, तेव्हा सगळी चाळ साक्षीला होती. बिरोबाच्या तसबिरीपुढं वाटीतला भंडारा, म्हणजे देवाची हळद, मुठीत धरून तो म्हणाला, दारूला शिवलो तर देवानं माझं वाटोळं करावं. त्याच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, डोळे पुसले. चार शहाण्यांनी माना डोलावल्या आणि समाधानानं जेवायला गेले. अशी शपथ आपल्यापैकी कितीतरी घरांत झाली असेल, आणि ती किती दिवस टिकली हेही आपल्याला ठाऊक असेल.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. श्रीमंत मूळचा मंद्रूपचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सोलापुरात एका मिलमध्ये तो मागावर चादरी विणायचा. हाताला कसब होतं, मन भलं होतं, आणि सुट्टीचा भोंगा झाला की पाय आपोआप गुत्त्याकडं वळायचे. तिसरी शपथ दीड महिना टिकली. मग शेजारच्या मागावरच्या गुंडा नावाच्या सोबत्यानं अर्धा ग्लास पुढं केला आणि यानं तो घेतला. त्यानंतर आठ दिवस श्रीमंत शुद्धीवर नव्हता.

नवव्या दिवशी म्हाळसाबाईनं पत्र्याची पेटी भरून खाटेखाली ठेवली. आता पुन्हा असं झालं तर पोरीला घेऊन वळसंगला माहेरी जाईन, ती कायमचीच, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. ती ओरडली असती तर श्रीमंतला बरं वाटलं असतं.

मिलच्या दवाखान्यातून त्याला डॉ. बिराजदारांकडं पाठवलं. हे तरुण डॉक्टर मनाच्या आजारांचं शिक्षण घेऊन नुकतेच आले होते. त्यांनी आधी त्याला दहा दिवस इस्पितळात ठेवून हातांची थरथर औषधानं थांबवली. मग नवरा-बायको दोघांना समोर बसवलं. आता साहेब शपथ घालणार, म्हणून म्हाळसाबाईनं पदरात भंडाऱ्याची पुडी बांधून आणली होती! डॉक्टरांनी ती तशीच राहू दिली.

"श्रीमंतराव, अर्धा ग्लास घेतल्यावर मनात काय आलं?"

तो पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "शपथ मोडली, आता देव कोपलाच, असं वाटलं. मग अर्धा गिलास काय आन् बाटली काय, सारकंच की."

"म्हणजे पहिला अर्धा ग्लास गुंडानं पाजला. पुढचे आठ दिवस या विचारानं पाजले." डॉक्टर पुढं झुकले. "चादर विणताना एक धागा तुटला तर काय करता? अख्खी चादर फाडून टाकता?"

"न्हाय. माग थांबवतो, तुटल्याली जागा हुडकतो, गाठ मारतो."

"मग स्वतःलाच का फाडता?"

श्रीमंतनं पुढच्या गुरुवारी यायचं कबूल केलं.

तेव्हापासून दर गुरुवारी तो जाऊ लागला. ओढ कधी लागते, त्याच्या अगोदर मनात काय येतं, आणि ते खरं आहे का, हे डॉक्टर त्याच्याच तोंडून काढून घ्यायचे. गुत्त्याची वाट टाळून तो मिलच्या मागच्या फाटकानं घरी येऊ लागला. कधी डॉक्टर स्वतःच गुंडा व्हायचे आणि आग्रह करायचे, आणि श्रीमंतनं नाही म्हणायची तालीम करायची. पहिल्या खेपेला साहेबांना नाही कसं म्हणायचं म्हणून तो हो म्हणाला, तेव्हा घरी ते ऐकून म्हाळसाबाईसुद्धा हसली. तिलाही एक पथ्य होतं. रोज संध्याकाळी त्याच्या मनातलं ऐकायचं आणि टोमणा मारायचा नाही. ते तिला फार जड गेलं.

चार महिने गेले. बिरोबाच्या जत्रेला श्रीमंत एकटाच मंद्रूपला गेला. दुपारी भावकीतल्या सिदूनं हातात ग्लास दिला आणि डॉक्टरांकडं घोकलेलं 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं. ग्लास रिकामा झाला. लगेच तो जुना विचार आला, की मोडलं, आता सगळंच संपलं. सिदू दुसरा ग्लास भरत होता. श्रीमंत मोठ्यानं म्हणाला, "एकच धागा तुटलाय!" सिदूला काही कळलं नाही. श्रीमंत तसाच उठला आणि मिळेल त्या एसटीनं सोलापूरला आला.

दिवेलागणीला तो दारातच उभा राहिला. "एक गिलास घेतला. दुसरा घेतला न्हाय. तुला सांगाया आलोय. उद्या डॉक्टरकडं जातो."

म्हाळसाबाईची नजर खाटेखालच्या पेटीकडं गेली. तोंडाला वास येत होता. पण आजवर हा माणूस पिऊन आपण होऊन सांगायला कधी आला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. ती उठली, बिरोबापुढची वाटी आणली. श्रीमंतनं सवयीनं मूठ पुढं केली. तिनं ती बाजूला सारली आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

"आदी जेवा," ती म्हणाली. "उद्या मी बी येते."

जेवणं झाल्यावर तिनं पेटी ओढून लुगडी परत दोरीवर टाकली.

बंधुभगिनींनो, व्यसन हा आजार आहे. आजारी माणसाला आपण शपथा घालतो, आणि शपथ मोडली की तो स्वतःला बुडालेला समजून आणखी खोल जातो. त्याला उपचाराकडं न्या, आणि पाय घसरला तरी परत यायला घराचं दार उघडं ठेवा. भंडारा कपाळाला लावण्यासाठी असतो, माणसाला कोंडीत धरण्यासाठी नव्हे.